मोठ्या अश्वशक्तीशीं पहिली गांठ

ज्यानें आजवर लहान मोटारसायकल चालविली आहे, त्याच्या हातीं मोठी मोटारसायकल आली म्हणजे त्याला वाटतें कीं, क्लच, ब्रेक, गिअर सारे आपापल्या जागीं आहेत. मग नवीन तें काय शिकावयाचें? आमचीहि समजूत हीच होती. गतवर्षीं आमच्या थोरल्या बंधूंची ६४८ घन सेंटिमीटर इंजिनाची गाडी गांवाबाहेरच्या पटांगणांत प्रथमच आमच्या हातीं आली, आणि ती समजूत दोन क्षणांत नाहींशी झाली. रोजच्या संवयीप्रमाणें आम्हीं मूठ पिळून क्लच सोडला. तोंच गाडीनें अशी झेप घेतली कीं आमचें शरीर मागें कललें, आणि शरीर मागें ओढलें गेल्यामुळें हातांतील मूठ आणखीच पिळली गेली! "कांहीं चुकलें तर प्रथम क्लच दाब," असें बंधूंनीं बजावून ठेविलें होतें. तेवढें आठवलें म्हणून आम्ही बचावलों. असें कां घडलें, तें येथें सांगण्याचा विचार आहे.

वाफेच्या यंत्राचें काम घोड्याच्या कामाशीं ताडून पाहतां यावें, म्हणून जेम्स वॅट यांनीं अठराव्या शतकांत अश्वशक्ति हें माप रूढ केलें. एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ७४६ वॅट. आपल्याकडे घरोघरीं दिसणारी ९७ घन सेंटिमीटरची मोटारसायकल जवळजवळ ८ अश्वशक्तीची असते व तिचें वजन ११२ किलोग्रामांच्या आसपास भरतें. बंधूंची गाडी ४७ अश्वशक्तीची. वजन मात्र दोनशे किलोग्रामांहून थोडेंच अधिक. म्हणजे वजन दुपटीच्या आंत, आणि शक्ति जवळजवळ सहापट! लहान गाडीवर ज्या पिळण्यानें चाक केवळ हलूं लागतें, त्याच पिळण्यानें ही गाडी उसळते. आमच्या मनगटाचा अंदाज आठ अश्वशक्तीवर तयार झालेला होता. दोष गाडीचा नव्हता.

दुसरी गोष्ट याहून फसवी आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानें लहान गाडी थरथरते, गर्जते, जणूं "आतां पुरे" असें सांगते. मोठी गाडी त्याच वेगांत शांत असते. त्यामुळें आपण किती वेगानें जात आहों हें कळतच नाहीं. परंतु पदार्थविज्ञानाचा नियम कोणास सोडीत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं गतीची ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून १२ मीटरांत थांबते असें धरलें, तर तशाच ब्रेकनें ताशी ८० च्या वेगांत तिला ४८ मीटर लागतील. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत आणखी २२ मीटर मागें पडलेले असतात.

युरोपीय संघांत २०१३ पासून मोटारसायकलचा परवाना पायऱ्यापायऱ्यांनीं देतात. पहिली पायरी सुमारें १५ अश्वशक्तीची, दुसरी सुमारें ४७ ची. त्यापुढील गाडी तरुणांस साधारणतः दोन वर्षांच्या अनुभवानंतरच मिळते. आपल्या देशांत गिअरच्या मोटारसायकलसाठीं वयाची १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. पण एकदां परवाना मिळाला म्हणजे ८ अश्वशक्तीच्या गाडीवर परीक्षा देणारा तरुण दुसऱ्याच दिवशीं ४७ ची गाडी रस्त्यावर आणूं शकतो. कायद्यानें पायऱ्या बांधल्या नाहींत. तेव्हां त्या आपणच बांधल्या पाहिजेत.

त्या पायऱ्या बंधूंनीं आम्हांकडून एक एक करून चढविल्या. प्रथम रिकामें पटांगण. गुडघ्यांनीं टाकी घट्ट धरावी, म्हणजे शरीराचा भार मुठीवर येत नाहीं. मनगट खालीं ठेवावें, म्हणजे मूठ नकळत पिळली जात नाहीं. ब्रेक लावतांना भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून पुढचा ब्रेक मुख्य. तो झटक्यानें न ओढतां क्रमाक्रमानें दाबावा. हें सारें अंगवळणीं पडल्यावर मग पहांटेचा मोकळा रस्ता, आणि शेवटीं बाजारपेठ. हेल्मेट मात्र पटांगणांतहि डोक्यावर असे.

पालकांसहि एक विनंती. परीक्षेंतील यशाचें बक्षीस म्हणून अल्पवयीन मुलाच्या हातीं गाडीची किल्ली देऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अपराधास पालक अथवा गाडीचा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. पण दंडापेक्षां मूल मोलाचें, हें काय सांगावयास पाहिजे?

पंधरवड्यानंतर बंधू प्रथमच आमच्या मागें बसले. वाटेंत एक म्हैस आडवी आली. आम्हीं मूठ सोडली, ब्रेक हळूहळू दाबला, आणि गाडी बऱ्याच अंतरावर उभी राहिली. बंधू एवढेंच म्हणाले, "मूठ पिळणें कोणासहि येतें, तुला आतां ती सोडतां येऊं लागली." त्याहून मोठें प्रशस्तिपत्र आम्हांस आजवर मिळालेलें नाहीं.