बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि जव्हारचं राज्य उभं राहिलं

पावसाळा लागला की दाभोसा धबधब्याचे रील्स फिरायला लागतात. मुंबई-नाशिकच्या गाड्या येतात, फोटो निघतात आणि अंधार पडायच्या आत लोक परतीला लागतात. पण ज्या जव्हारवरून या गाड्या जातात, तिथं सहाशे वर्षं महादेव कोळी राजघराण्याचं राज्य होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हे राज्य उभं कसं राहिलं, त्याची दंतकथा भारी आहे. जयबा मुकणे यांनी इथल्या कोळी सरदाराकडं बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हो म्हणाला. जयबांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकमेकींना जोडल्या आणि सरदाराच्या ठाण्यालाच वेढा घातला! गंमत म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कार्थेजची राणी डिडो हिच्याबद्दलही हीच गोष्ट सांगतात. दंतकथा सोडली तरी 1343 साल नोंदलेलं आहे. त्या वर्षी जयबांचा मुलगा नेमशहा याला दिल्लीच्या सुलतानानं राजा म्हणून मान्यता दिली.

एवढ्या जंगलात राज्य टिकलं, कारण वाट. त्र्यंबकच्या बाजूनं घाट उतरून सुरतेकडं जायचं तर जव्हार मध्ये लागतं. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली, ती याच बाजूनं. तेव्हा राजा विक्रमशहानं महाराजांचं स्वागत केलं आणि शिरपेच दिला, म्हणून त्या माळाला शिरपामाळ नाव पडलं, असं इथले लोक सांगतात. तिथं आज स्मारक आहे.

मग दोघांची कायमची दोस्ती झाली का? तर नाही. 1672 साली मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतलं. सुरतेच्या वाटेवरचं राज्य दुसऱ्याच्या हातात ठेवणं स्वराज्याला परवडणारं नव्हतं.

पुढं इंग्रजांच्या काळात रेल्वे आली. एक लाईन कसाऱ्यावरून घाट चढली, दुसरी डहाणूवरून किनाऱ्यानं गेली. जव्हार-मोखाडा दोन्हींच्या मधे राहिले आणि वाटेवरचा मुलूख आडबाजूला पडला. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा अजून उभा आहे. तो खासगी आहे, त्यामुळं आत जायचं तर आधी चौकशी केलेली बरी. वेळ असेल तर झाप गावाजवळचा भूपतगडही बघावा. वर तटबंदीचे अवशेष आणि पाण्याची टाकी आहेत.

जव्हारहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की मोखाडा. इथल्या कोचाळे गावाजवळ वैतरणेवर 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे. ते पाणी मुंबईला जातं. जुलैत या भागात छत्री टिकत नाही इतका पाऊस, आणि एप्रिल-मे मध्ये याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत उभ्या! उताराची खडकाळ जमीन पाणी धरत नाही आणि धरणाची पाइपलाइन पाड्याकडं वळत नाही. धबधब्याच्या रीलमध्ये हे दिसत नाही, कारण तेव्हा फिरायला कुणी जातच नाही.

खरं तर जायला हवं, आणि निमित्तही आहे. होळीनंतर या भागात बोहाड्याचे दिवस सुरू होतात. देव, राक्षस, पशू यांचे कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचतात. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा तर फारच गाजलेला. तो बघायचा तर मुक्कामाच्या तयारीनं जावं आणि प्यायचं पाणी आपलं आपण घेऊन जावं.