पाऊलवाट आणि पाऊस

पावसाळ्यातल्या कोणत्याही रविवारी सकाळची पुणे-लोणावळा लोकल पाहावी. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी या स्थानकांवर पाठीला सॅक लावलेली तरुण मंडळी डब्यात शिरतात. त्यांतली काही जण आठवडाभर भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणारी असतात. काही मळवलीला उतरून भाजे गावावरून लोहगडाकडे चालू लागतात, बाकीची थेट लोणावळ्याला जातात. पर्यटकांनी लोणावळ्याची रया घालवली, ही तक्रार आता जुनी झाली. तिच्यातला एकच धागा आम्हाला येथे उलगडायचा आहे. इतकी पावले पडल्यावर डोंगराच्या मातीचे काय होते आणि त्याचा आपल्या नळाशी काय संबंध?

आधी पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे घाटाच्या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि बाष्पाचा पाऊस होतो. सुमारे ६२० मीटर उंचीवरच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात जेमतेम सातशे. पिंपरी-चिंचवडही पर्जन्यछायेतच येते. म्हणजे आपण राहतो कोरड्या बाजूला आणि पाणी पितो ओल्या बाजूचे. लोहगडाची डोंगररांग इंद्रायणी आणि पवना या नद्यांमधली जलविभाजक रेषा आहे. तिच्या उत्तर उतारावरचे पाणी इंद्रायणीत जाते, दक्षिणेकडचे पवना धरणात. पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर आणि इंद्रायणीचे चाकणजवळच्या निघोजे बंधाऱ्यावर उचलून शहराला मिळते. (लोणावळ्याचा बराच पाऊस उलट्या दिशेनेही जातो. टाटांनी वळवण, शिरवटा येथे तलाव बांधून ते पाणी घाटाखाली खोपोलीला नेले. तेथे १९१५ पासून त्यावर वीज तयार होते.)

आता माती. चांगल्या मातीत जवळजवळ निम्मे घनफळ पोकळ्यांचे असते. मोठ्या पोकळ्यांतून पाणी खाली झिरपते, बारीक पोकळ्या ते मुळांसाठी धरून ठेवतात. ६० किलो वजनाचा माणूस १० किलोची सॅक घेऊन चालला, की बराच वेळ सगळा भार एका पायावर असतो. बुटाच्या तळव्याचे क्षेत्रफळ १७५ चौ.सें.मी. धरल्यास दर चौ.सें.मी.वर ०.४ किलो भार येतो. उतरताना टाच आधी टेकते, तेव्हा तो आणखी वाढतो. एखाद्याच्या चालण्याने काही बिघडत नाही. पण त्याच जागी हजारो पावले पडली, की मोठ्या पोकळ्या सर्वांत आधी मिटतात आणि झिरपण्याची वाटच बंद होते.

यात ओल्या मातीचे हाल अधिक. पाण्यामुळे मातीचे कण एकमेकांवरून सहज सरकतात आणि घट्ट बसतात. उन्हाळ्यात जी पायवाट शंभर माणसे सोसते, ती जुलैत दहा माणसांनी चिखल होते. आपल्याकडे गर्दी नेमकी जुलैतच होते, हे दुर्दैव!

पुढचे तर डोळ्यांना दिसते. न मुरलेले पाणी पायवाटेवरून वाहू लागते, माती नेते आणि वाटेचा ओहोळ होतो. चिखल टाळायला लोक कडेच्या गवतावरून जातात. तेही मरते आणि वाट रुंदावते. जुन्या वाटा नागमोडी असत, त्यामुळे पाण्याला वेग येत नसे. वळणे टाळून सरळ खाली उतरणारी आडवाट म्हणजे पाण्याला खोदून दिलेला पाटच. लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तेथली वर्दळ यापुढे कमी होईल असे आम्हाला वाटत नाही.

पावलांना जे करायला वर्षे लागतात, ते सिमेंट एका दिवसात करते. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे आली आणि २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. आज लोणावळ्यात बंगले, हॉटेले, वाहनतळ यांखाली किती जमीन गेली आहे, ते कोणीही पाहू शकतो. गणित करून पाहा. १०० मि.मी. पावसाच्या दिवशी एका हेक्टरवर १० लाख लिटर पाणी पडते. मुरलेला भाग झऱ्यांतून सावकाश बाहेर येतो आणि पाऊस संपल्यावरही नदीला पुरतो. सिमेंटवरचे पाणी मात्र लगेच नाल्यात पोचते आणि जाताना रस्त्यावरचे तेल, चिप्सच्या पिशव्या, सांडपाणी बरोबर नेते. देहू-आळंदीला पोचण्याआधी इंद्रायणीला लागणारे पहिले शहर लोणावळाच आहे.

कातळावर मातीचा थर मुळातच पातळ असतो, तेथे पाणी किती झपाट्याने वाढते हे ३० जून २०२४ रोजी दिसले. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. तेथला दोष पायवाटांचा नव्हे. उभा उतार आणि काळा कातळ निसर्गतःच तसे आहेत. वर डोंगरावर जोराची सर आली, की काही मिनिटांतच खालचा प्रवाह वाढतो. खाली उभ्या असलेल्याच्या अंगावर कदाचित थेंबही पडलेला नसतो. सहलीला नेण्यापूर्वी मुलांना हे फळ्यावर आकृती काढून जरूर समजावून सांगावे.

मातीचा प्रयोग शाळेतच होतो. पत्र्याचा एक डबा घेऊन त्याची दोन्ही तोंडे उघडी करावी. झाडाखालच्या भुसभुशीत जागी तो दोन-तीन सें.मी. दाबून बसवावा, अर्धा लिटर पाणी ओतावे आणि ते जिरायला लागणारा वेळ घड्याळाने मोजावा. मग हेच फाटकाजवळच्या रोजच्या वाटेवर करावे. तेथे डबा दाबायलाच इतका जोर लागतो, की उत्तराचा अंदाज मुलांना पाणी ओतण्याआधीच येतो. दोन्ही जागी तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढावी. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, त्याच जागी पुन्हा मोजल्यास ओल्या आणि कोरड्या मातीतला फरकही वहीत येईल.