गंभीर आजाराचा विमा : हप्ता कोणता निवडावा?

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या किला गेटच्या वस्तीपासून हजिरा आणि बिरलानगर हे भाग दूर नाहीत. बिरलानगरातील जियाजीराव कापड गिरणी १९९० च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि अनेक घरांतील नियमित पगार थांबला. दीर्घ मुदतीच्या हप्त्याचा विचार करताना या भागातील जाणत्या माणसांना ती गिरणी आठवल्यावाचून राहत नाही. हप्ता आज परवडतो की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो पंधरा वर्षांनीही परवडेल काय, हे पाहावे लागते.

गंभीर आजाराच्या विम्यात हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे अशा ठरावीक आजारांचे निदान झाल्यास या विम्यात ठरलेली रक्कम एकदम मिळते. ती रुग्णालयाच्या देयकापुरती मर्यादित नसते. ही कल्पना १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत डॉ. मारियस बर्नार्ड यांच्या पुढाकाराने प्रत्यक्षात आली. शस्त्रक्रियेने प्राण वाचले तरी रुग्णाचा संसार कर्जात बुडतो, हे या शल्यविशारदाने पाहिले होते. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. परंतु आजारपणात बुडालेला पगार ती योजना भरून देत नाही. त्या पोकळीसाठी हा विमा आहे.

हप्त्याचे मुख्य प्रकार दोन. एक, वयानुसार वाढणारा. सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या वार्षिक विमापत्रांत बहुधा हाच आढळतो. दुसरा, संपूर्ण मुदतीसाठी समान. तो आयुर्विमा कंपन्यांच्या दीर्घ मुदतीच्या योजनांत दिसतो. उदाहरणादाखल, किला गेट येथे राहणाऱ्या एका ४० वर्षांच्या शिक्षकाने ६० व्या वर्षापर्यंतचा विमा घ्यावयाचे ठरविले, असे समजू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. समान हप्ता वर्षाला ९,००० रुपये धरला, तर वीस वर्षांत १,८०,००० रुपये होतात. वाढता हप्ता पहिली पाच वर्षे ४,५००, नंतर पाच-पाच वर्षे अनुक्रमे ७,०००, ११,५०० आणि १८,००० रुपये धरला, तर एकूण २,०५,००० रुपये भरावे लागतात. फरक २५,००० रुपयांचा दिसतो. मात्र आरंभीची बचत व्याजाने ठेवली, तर तोही बराच कमी होतो. तेव्हा खरा प्रश्न बेरजेचा नाही. पंचावन्नाव्या वर्षी, मुलांचे शिक्षण आणि लग्नकार्ये समोर असताना, १८,००० रुपये भरणे जड गेले आणि विमा सुटला, तर? आजाराची शक्यता सर्वाधिक असते त्याच वयात संरक्षण जाते. आणि निव्वळ संरक्षणाच्या विम्यात भरलेले पैसे सामान्यतः परत मिळत नाहीत. नियमित वेतन असलेल्या चाळिशीतील माणसाने म्हणूनच समान हप्त्याला प्राधान्य देणे हिताचे. पाच-सात वर्षांपुरते कर्ज फिटेपर्यंतच संरक्षण हवे असेल, तर वाढता हप्ता स्वस्त पडतो.

येथे एका शब्दाने पुष्कळांची फसगत होते. ‘समान’ हप्ता म्हणजे ‘हमीचा’ हप्ता नव्हे. आयुर्विमा कंपन्यांच्या आरोग्यविम्याचा हप्ता किमान तीन वर्षे बदलू नये, त्यानंतर त्याचा फेरविचार करता येईल, अशी तरतूद विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१६ च्या विनियमांत होती. माहितीपत्रकात वीस वर्षांचा एकच आकडा छापलेला असला, तरी विमापत्रात फेरविचाराचे कलम आहे काय आणि दर किती वर्षे निश्चित आहे, हे लेखी विचारावे. साठ वर्षांवरील विमाधारकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा असल्यास कंपनीने प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करावा, असे ३० जानेवारी २०२५ रोजी सांगण्यात आले. साठीच्या आतील माणसाला मात्र कलम वाचूनच सावध राहावे लागते.

ज्यांची मिळकत अनिश्चित आहे, त्यांनी हप्ते थोड्या वर्षांत संपविण्याची सोय आहे काय, हेही पाहावे. दहा वर्षे भरून वीस वर्षांचे संरक्षण मिळत असेल, तर वार्षिक भार जड होतो. पण काम सुटण्याआधी देणे संपते. गिरणी पाहिलेल्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

दोन योजनांची तुलना करताना जुने दरपत्रक वापरू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्याच्या हप्त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. त्यापूर्वीच्या पत्रकांत तो १८ टक्क्यांनी धरलेला असे. विमापत्र हाती आल्यावर ३० दिवसांत ते परत करता येते. हप्त्याचे कलम याच मुदतीत वाचावे. कंपनीकडून तक्रारीचे निवारण न झाल्यास मध्य प्रदेशातील विमाधारकाला भोपाळच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.