डांबराच्या गोळ्या आणि रक्ताची एक परीक्षा

बारसें जवळ आलें, कीं विठ्ठलवाडीच्या चाळींतहि माळ्यावरची ट्रंक खालीं येते. थोरल्या नातवाचीं झबलीं, आजीच्या नऊवारीचीं मऊ दुपटीं, आणि त्यांबरोबर डांबराच्या गोळ्यांचा तो उग्र वास! जुनें कापड बाळाला सुखाचें, हें खरें. परंतु कांहीं मुलांना तो वासच घातक ठरतो. तीं मुलें कोणतीं, हें रक्ताच्या एका थेंबावरून कळूं शकतें.

तांबड्या पेशींचा संसार मोठा काटकसरीचा. इतर पेशींत प्राणवायूच्या साह्यानें शक्ति निर्माण करणारी जी भट्टी असते, ती त्यांच्यापाशीं नसते. रक्तांतील साखरेवरच त्या सुमारें १२० दिवस काढतात. या साखरेचा लहानसा वांटा एका आडमार्गानें खर्च होतो व त्यांतून पेशीला जणुं गंजण्यापासून वांचविणारें द्रव्य तयार होतें. या मार्गाच्या तोंडाशीं जें विकर असतें, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘जी-सिक्स-पी-डी’ म्हणतात. कांहीं घराण्यांत तें जन्मतःच दुबळें असतें. एरवीं त्याचा पत्ताहि लागत नाहीं. परंतु गोळ्यांतील नॅफ्थलीन किंवा ठराविक औषध शरीरांत गेलें, कीं पेशी भराभर फुटतात. लघवी काळसर होते, अंग फिकें पडतें. तान्ह्या मुलाची कावीळ वाढून मेंदूला भिडली, तर मूल जन्माचें बहिरें वा पंगु होण्याची भीति असते.

हिंवतापावरील प्रायमाक्वीननें कांहीं लोकांचें रक्त कां फुटतें, याचा शोध करितांना १९५६ सालीं शिकागोच्या कार्सन-आल्व्हिंग प्रभृतींना ही उणीव सांपडली. १९६३ सालीं मुंबईच्या संशोधकांनीं ती पारशी समाजांत बरीच असल्याचें प्रसिद्ध केलें. मात्र आपण पारशी नव्हे म्हणून निश्चिंत राहूं नये. जेथें पिढ्यान् पिढ्या हिंवताप नांदला, अशा अनेक मुलुखांत ती आढळते.

ही उणीव बहुधा मुलग्यांना बाधते व त्यांना ती आईकडून येते. एवढें वाचून सासूबाईंनीं सुनेकडे बोट दाखवूं नये. सुनेला ती तिच्या वडिलांकडूनहि आलेली असूं शकते, आणि बाळाच्या काविळीचें खापर बाळंतिणीच्या पथ्यावर फोडण्याची आपली खोड तर जुनीच आहे. शिवाय ट्रंक बहुधा सासूबाईंचीच असते!

परीक्षा साधी आहे. रक्ताच्या थेंबांत विशिष्ट द्रव्यें मिसळून तो टिपकागदावर ठेवितात व अतिनील प्रकाशांत पाहतात. विकर पुरेसें असेल तर डाग चमकतो, नसेल तर अंधारा राहतो. परळच्या के. ई. एम्. रुग्णालयाच्या आवारांत अशा रक्तदोषांच्या अभ्यासाला वाहिलेली राष्ट्रीय संस्था आहे. विठ्ठलवाडीहून लोकलनें थेट जातां येतें. मात्र पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील, तर ही परीक्षा फसवूं शकते. दुबळ्या, जुन्या पेशी आधींच नाहींशा होतात, नव्या पेशींत विकर अधिक असतें, आणि उत्तर निर्दोष येतें. अशा वेळीं दोन-तीन महिन्यांनीं पुन्हां तपासावें.

तोंवर गोळ्यांत ठेवलेलें कापड बाळाच्या अंगाला लावूंच नये. ट्रंकेंत वेखंडाची पुरचुंडी घालावी. आणि परीक्षेचा कागद पत्रिकेच्याच डब्यांत जपून ठेवावा, म्हणजे पुढें मुलाला हिंवताप आला तर प्रायमाक्वीन देण्यापूर्वीं डॉक्टरांना दाखवितां येईल.