यंत्राने ऐकावे, माणसाने उत्तर द्यावे

कार्यसंस्कृती हा शब्द अलीकडे उद्योगपतींच्या आणि मंत्र्यांच्या भाषणांत वारंवार ऐकू येतो. बहुधा त्याचा अर्थ एवढाच असतो की, हाताखालच्या माणसांनी वेळेवर यावे, मान खाली घालून काम करावे आणि तक्रार करू नये. चूक दाखविणाऱ्याची गत काय होते, शिपायाशी कोणत्या स्वरात बोलले जाते, यावरून संस्थेची खरी संस्कृती ओळखावी, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. आता ही ओळख पटविण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोपविण्याची टूम निघाली आहे. तिचे स्वागत करावे की नाही, हे ते यंत्र कोणाच्या हाती आणि कशासाठी दिले जाते, यावर अवलंबून राहील.

कामगारांचे मन जाणून घेण्याची ही पहिलीच खटपट नव्हे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात असे प्रयोग झाले. दिव्यांचा उजेड कमीअधिक करण्यापासून आरंभ झाला आणि पुढे २०,००० हून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यापर्यंत मजल गेली. ठरावीक प्रश्नांना ठरावीकच उत्तरे मिळतात, माणसाला मनाप्रमाणे बोलू दिले तरच दुखणे बाहेर येते, हा त्या मुलाखतींचा धडा होय. परंतु एवढे सारे वाचून त्यातून अर्थ लावायला माणसेही पुष्कळ लागली आणि काळही.

हे काम यंत्र आज फार थोड्या वेळात करते. एमआयटीचे डोनाल्ड सल व त्यांचे सहकारी यांनी नोकरदारांनी आपल्या कंपन्यांविषयी लिहिलेले १२ लाखांहून अधिक अभिप्राय यंत्राकरवी तपासून २०१९ साली कंपन्यांच्या संस्कृतीचा आलेख मांडला. पुढे जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी अमेरिकन कंपन्यांविषयी जे दाखवून दिले, ते डोळ्यांत अंजन घालणारे आहे. माणसे नोकरी का सोडतात, याचे अनुमान बांधताना विषारी वातावरण हे कारण पगारापेक्षा १०.४ पट प्रभावी ठरले. अनादर, भेदभाव, अनीती, गळेकापू स्पर्धा आणि छळ ही त्या विषाची पाच रूपे. पगार दिला की माणूस विकत मिळतो, असे समजणाऱ्या मालकांनी हा आकडा टेबलावर लिहून ठेवावा.

मात्र याच यंत्राची दुसरी बाजूही आहे. नोकरभरतीसाठी ॲमेझॉनने तयार केलेली प्रणाली स्त्रियांचे अर्ज मागे सारीत असल्याचे २०१८ साली उघड झाले. जुन्या भरतीतला पक्षपात तिने इमानाने गिरविला होता. २०२० साली मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांच्या कामाची नावानिशी मोजदाद मांडणारी सोय बाजारात आणली आणि टीका होताच त्यातील नावे वगळली. कामाच्या जागी माणसाच्या भावना यंत्राने ओळखण्यास युरोपीय संघाने वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता फेब्रुवारी २०२५ पासून बंदीच घातली. आमच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात याउलट नोकरीविषयक कारणांसाठी संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा मालकाला ठेवलेली आहे.

गोमंतकीयांना पाळतीचा अर्थ निराळा समजावून सांगायला नको. सालाझारशाहीत लग्नपत्रिकाही सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. आपले शब्द कोणी तरी तपासणार हे ठाऊक असले की माणूस खरे बोलणे सोडतो आणि गोड बोलणे शिकतो. मग अशा गोड शब्दांवरून यंत्राने काढलेला निष्कर्ष कितीही शास्त्रीय दिसला, तरी तो खोटाच.

आणखी एक गोष्ट. या यंत्रांचे शिक्षण मुख्यतः इंग्रजीवर झालेले आहे. हॉटेलात चादरी बदलणारी बाई किंवा कारखान्यातला कंत्राटी कामगार इंग्रजीत अभिप्राय लिहीत नाही. त्याची मराठी-कोंकणी यंत्राच्या कानी पडलीच नाही, तर ज्यांचे आजवर कोणी ऐकले नाही त्यांचे पुढेही ऐकले जाणार नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, अभिप्राय स्वेच्छेने आणि निनावी घेतले जावेत, निष्कर्ष समूहाचे असावेत, एकट्यादुकट्याचे नव्हे. आणि ते साहेबांच्या कपाटात बंद न राहता कामगारांच्या संघटनेपुढेही ठेवले जावेत. १० वा अधिक कर्मचारी असतील तेथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, असे २०१३ चा कायदा सांगतो. ती समिती कागदावरच असेल, तर छळ होतो आहे हे यंत्राने शंभरदा सांगूनही उपयोग काय? दुखणे कोठे आहे ते यंत्र दाखवील. औषध देण्याची जबाबदारी ज्याची आहे, त्याने यंत्राआड दडू नये.