बेंटोनाइट पाणी पितं, मग गळत कसं नाही?

दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबच्या काळ्या रानात पावसाळ्यात चिखल पाय सोडत नाही, आणि मे महिन्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन्हीमागे एकच खनिज आहे, माँटमोरिलोनाइट. कचरा पुरायच्या खड्ड्याला बेंटोनाइटचं अस्तर देतात, त्यातही मुख्यतः हेच. मग आपल्या काळीतच खड्डा खणून कचरा पुरला तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. बिघडतं ते असं : काळ्या मातीत हे खनिज इतर गाळात मिसळलेलं असतं आणि त्याच्या थरांत बहुधा कॅल्शियम असतं. अस्तराला लागतं ते सोडियमचं बेंटोनाइट. आपल्याकडे ते कच्छमधून येतं आणि काळ्या मातीच्या कितीतरी पट फुगतं. शिवाय उन्हाळ्यातल्या भेगा म्हणजे घाण पाण्याला खाली उतरायची उघडी वाट.

बेंटोनाइट पाणी पिऊन साठवतं आणि पोट भरलं की गळू लागतं, हीसुद्धा चुकीची समजूत. त्याचं काम भरल्यावरच सुरू होतं. खनिजाचे पापुद्रे इतके पातळ की एका ग्रॅमचा पृष्ठभाग 700 चौरस मीटरच्या घरात जातो. पापुद्र्यांवर ऋण भार असतो. त्यांना बिलगलेले सोडियमचे कण पाणी ओढून घेतात, पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात. वरून मातीचा भार असला की फुगायला जागा उरते ती कणांमधल्या पोकळ्यांचीच. त्या बुजतात, आणि धरून ठेवलेलं पाणीच मागून येणाऱ्या पाण्याला अडवतं. भारच नसेल तर मात्र नुसता सैल चिखल होतो.

एक थेंबही गळत नाही, असं मात्र नाही. 2016 च्या घनकचरा नियमांनी 1.5 मिलिमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिक आणि त्याखाली 90 सेंटीमीटर मातीचा थर सांगितला. त्या मातीतून पाणी सरकायची मर्यादा सेकंदाला 0.0000001 सेंटीमीटर. वर पाणी तुंबलेलं नसेल तर वर्षाला सुमारे 3 सेंटीमीटर. म्हणून तर अस्तरावर साचणारं पाणी नळ्यांनी काढून घ्यावं लागतं.

खरा घात वेगळाच, आणि तो वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला पटकन कळेल. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात चोपण जमिनीत पाणी मुरत नाही, कारण सोडियम. उपाय जिप्सम. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, मातीचे कण एकत्र येतात, पाणी मुरू लागतं. शेतात जे हवं, तेच अस्तरात नको! कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि क्षार असतात. राख नि बांधकामाचा राडारोडा असला तर आणखी. फुगवटा हळूहळू ओसरतो. त्यात अस्तर वाळून तडकलं, तर पुन्हा भिजवूनही भेगा पुरत्या सांधत नाहीत. म्हणून पहिली भिजवण स्वच्छ पाण्याची द्यायची, आणि चाचणी नळाच्या पाण्यावर न घेता त्या-त्या कचऱ्यातून येणाऱ्या पाण्यावर घ्यायची.