विष सापडलंच नाही, मृतदेहाला नावही भलतंच; तरी खून सिद्ध कसा झाला? पुण्यातल्या लक्ष्मीबाई कर्वे खटल्याची गोष्ट

फोंडाघाट : संशयास्पद मृत्यूच्या बातमीत शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं. 'व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून अहवालाची प्रतीक्षा आहे.' अहवालात विष सापडलं, तर पुढचा तपास कळण्यासारखा आहे. पण अहवाल 'विष आढळले नाही' असा आला तर? प्रकरण तिथेच संपतं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना वकील मंडळी आजही ज्या निकालाकडे जातात, तो निकाल मराठी घरातला आहे. पुण्यातली एक सधन विधवा, तिच्याच घरात भाड्याने राहणारा डॉक्टर, रात्रीची पॅसेंजर गाडी आणि मुंबईचं जीटी हॉस्पिटल. निकालाचं नाव 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य'. तारीख १४ डिसेंबर १९५९.

कोण होत्या लक्ष्मीबाई?

माहेरचं नाव इंदुमती. १९२२ मध्ये त्यांचं लग्न अनंत कर्वे या विधुर व्यावसायिकाशी झालं आणि त्या लक्ष्मीबाई कर्वे झाल्या. १९४५ मध्ये पतीचं निधन झालं. मागे घर, शेअर, बँकेतल्या ठेवी, दागिने असं बरंच काही राहिलं. दोन मुलांपैकी एक १९५४ मध्ये गेला, दुसरा वेगळा राहत होता. स्वतः लक्ष्मीबाईंना मधुमेह होता, क्षयही होऊन गेला होता.

शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात डॉ. अनंत लागू भाडेकरू म्हणून राहत होता. भाऊही डॉक्टर. लागू लक्ष्मीबाईंवर उपचार करायचा. हळूहळू औषधाबरोबर बँकेची कामं, कागदपत्रं, पैशांचे व्यवहारही त्याच्याकडे आले. एकट्या बाईला घरातच डॉक्टर मिळाला, तोही विश्वासाचा, असंच कुणालाही वाटलं असतं.

त्या रात्री काय झालं?

१२ नोव्हेंबर १९५६. लक्ष्मीबाईंना मुंबईत डॉ. साठे या तज्ज्ञांकडे दाखवायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशीची वेळही घेतलेली होती. त्या आणि लागू रात्रीच्या पॅसेंजरने पुण्याहून निघाले. गाडी पहाटे व्हीटीला पोचली (आजचं सीएसएमटी), तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या.

पावणेसहाच्या सुमारास लागूने त्यांना जीटी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. कोकणातून मुंबईला गेलेल्यांना हे हॉस्पिटल सांगायला नको, क्रॉफर्ड मार्केटजवळचं. दाखल करताना रुग्णाचं नाव लिहून दिलं 'इंदुमती पौंशे'. म्हणजे लग्नानंतर चौतीस वर्षं वापरलेलं नाव नाही, तर माहेरचं, तेही वेगळ्या उच्चाराने. बाई गाडीत अचानक बेशुद्ध झाल्या, अशी हकीकत त्याने सांगितली.

साडेअकराच्या सुमारास लक्ष्मीबाईंचा मृत्यू झाला. लागू तोवर निघून गेला होता. ज्या डॉक्टरांकडे दाखवायला आणलं होतं, त्यांच्यापर्यंत पेशंट पोचलाच नाही.

हॉस्पिटलने लागूला कळवलं. त्याने उत्तर पाठवलं की बाईंचा भाऊ कलकत्त्याहून येऊन मृतदेह ताब्यात घेईल. असा कुणी भाऊ आला नाही. पुण्यातल्या एकाही नातेवाइकाला मृत्यूची खबर गेली नाही.

मग मृतदेह बेवारस ठरला. बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजला अभ्यासासाठी जातो. तसाच हाही जाणार होता. तिथे मृतदेहाच्या गळ्याभोवतीची एक खूण कुणाच्या तरी नजरेस पडली आणि प्रकरण कॉरोनरकडे आलं. ही खूण पुढे मृत्यूचं कारण ठरली नाही. पण ती दिसली नसती, तर शवविच्छेदनही झालं नसतं. ते झालं २३ नोव्हेंबरला, मृत्यूनंतर दहा दिवसांनी. मृतदेहाचा फोटो काढून ठेवलेला होता. पुढे याच फोटोवरून नातेवाइकांनी 'इंदुमती पौंशे' म्हणजे आपल्या लक्ष्मीबाई, हे ओळखलं.

मेलेल्या बाईची पत्रं

इथून पुढचा भाग वाचताना अंगावर काटा येतो.

नातेवाईक आणि ओळखीच्यांना लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रं येऊ लागली. मी तीर्थयात्रेला निघाले आहे. मग, मी जोशी नावाच्या गृहस्थाशी लग्न केलं आहे, जयपूरजवळ राठोडी इथे राहते, परत येणार नाही, शोध घेऊ नका. १९५६ मध्ये मध्यमवयीन विधवेने दुसरं लग्न केलं, म्हटल्यावर घरचे लोक चारचौघांत विषय काढणार नाहीत, हा हिशेब यात दिसतो. माझ्या मते संपूर्ण कटातला सर्वात थंड डोक्याचा भाग हाच.

दरम्यान, लक्ष्मीबाईंच्या सहीच्या कागदांवर बँकेतून पैसे निघत राहिले, शेअर वळते झाले. नातेवाइकांचा संशय बळावला, तक्रारी झाल्या आणि मार्च १९५८ मध्ये लागूला अटक झाली. मृत्यू होऊन सोळा महिने झाले होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

अडचण एकच होती. रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात कोणतंही विष सापडलं नव्हतं. हॉस्पिटलच्या कागदांवर मृत्यूचं कारण मधुमेहामुळे आलेली बेशुद्धी, म्हणजे डायबेटिक कोमा, असं होतं.

'सापडलं नाही' म्हणजे 'नव्हतं' का?

इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये पहिल्याच वर्षी कळतं की चाचणी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. प्रयोगशाळेला शरीरात 'काहीतरी वाईट' आहे का, हे विचारता येत नाही. अमुक विष आहे का, असं एकेक विचारावं लागतं. यादीत नसलेलं विष, फार कमी मात्रा, शरीरात लवकर विघटन होणारं औषध किंवा कुजायला लागलेला नमुना, यातलं काहीही असलं तरी अहवाल 'निरंक' येऊ शकतो.

आर्सेनिकसारखं धातूवर्गातलं विष याच्या अगदी उलट. ते शरीरात टिकतं. लंडनचं गाजलेलं सेडन प्रकरण त्याचं उदाहरण. फ्रेडरिक सेडन हा विमा कंपनीतला अधिकारी. त्याच्या घरात एलायझा बॅरो ही पैसेवाली अविवाहित बाई खोली घेऊन राहायची. तहहयात वर्षासन देतो, असं सांगून त्याने तिची मालमत्ता स्वतःच्या नावे करून घेतली. त्यात 'इंडिया स्टॉक'चे १,६०० पौंडही होते, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या नावावरचे रोखे. सप्टेंबर १९११ मध्ये ती वारली, नातेवाइकांना न कळवता दफन झालं. दोन महिन्यांनी मृतदेह उकरून काढला, तेव्हाही त्यात सुमारे १३० मिलिग्रॅम आर्सेनिक मोजता आलं. माशा मारायच्या कागदातून ते आलं, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. १८ एप्रिल १९१२ रोजी सेडनला फाशी झाली. त्या खटल्यातले सरकारी वकील रूफस आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून भारताचे व्हाइसरॉय झाले.

पुण्याचं प्रकरण म्हणजे याचा आरसा. लंडनमध्ये घरमालकाने भाडेकरूला मारलं, इथे भाडेकरूने मालकिणीला. दोन्हीकडे आधी पैशांचे कागद हातात आले आणि दोन्हीकडे मृत्यूची खबर नातेवाइकांना दिली गेली नाही. फरक इतकाच की सेडनविरुद्ध आर्सेनिक बोलत होतं. लागूविरुद्ध प्रयोगशाळा गप्प होती.

त्या काळी विज्ञान कुठे होतं, हेही पाहायला हवं. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये केनेथ बार्लो या नर्सवर पत्नीला इन्सुलिन टोचून मारल्याचा आरोप सिद्ध झाला. इन्सुलिनने केलेला खून सिद्ध होण्याची ती पहिली वेळ मानली जाते. त्यासाठी तज्ज्ञांना नवी पद्धत उभी करावी लागली होती. लक्ष्मीबाईंच्या प्रकरणात इन्सुलिन वापरलं गेलं, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. मुद्दा एवढाच की डॉक्टरच्या बॅगेतलं सगळंच तेव्हाच्या प्रयोगशाळेला दिसत नव्हतं.

मग न्यायालयाने काय केलं?

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींत एकमत झालं नाही. न्या. हिदायतुल्ला यांनी स्वतःच्या आणि न्या. कपूर यांच्या वतीने बहुमताचा निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं : विषाने खून करणारा, त्यातही डॉक्टर, सहज सापडणारं विष वापरेलच असं नाही. तेव्हा विषाचं नाव कळलं नाही, एवढ्यावर आरोपी सुटत नाही. इतर परिस्थिती इतकी भक्कम हवी की दुसरा निष्कर्ष निघूच नये.

इथे ती परिस्थिती काय होती? नाव भलतं दिलं, तेही बाई जिवंत असताना. तज्ज्ञ डॉक्टरकडे नेलं नाही. हॉस्पिटलमध्ये सोडून निघून गेला. नातेवाइकांना कळवलं नाही, उलट नसलेला भाऊ उभा केला. मग बाई जिवंत असल्याचा देखावा आणि त्याआड पैसे. डायबेटिक कोमाचा बचाव न्यायालयाला पटला नाही.

न्या. सरकार यांना हे मान्य नव्हतं. मृत्यू अनैसर्गिक होता, हेच आधी निःसंशय सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं मत. आजारी बाई नैसर्गिकरीत्या मेली आणि लोभी माणसाने त्याचा फायदा उठवला, असंही असू शकतं ना? चोरी सिद्ध झाली म्हणजे खून सिद्ध झाला असं नाही. त्यांनी अपील मान्य करावं, असा निकाल दिला. दोनास एक अशा मतांनी अपील फेटाळलं गेलं. परस्परविरुद्ध मत देणारे हे दोघेही, सरकार आणि हिदायतुल्ला, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

खरं सांगायचं तर दोन्ही निकाल लागोपाठ वाचले की न्या. सरकार यांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. पण भलतं नाव मृत्यूच्या आधी का दिलं, याचं निरपराध उत्तर मलाही सुचत नाही.

आज नियम काय आहे?

१९८४ मध्ये पुण्याच्याच आणखी एका विषप्रकरणात, शरद बिरदीचंद सारडा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. तिथे पोटॅशियम सायनाइड सापडलं होतं, पण ते आरोपीने दिलं हे सिद्ध झालं नाही. हेतू, विषाने मृत्यू, आरोपीकडे विष असणं आणि ते देण्याची संधी, या चार गोष्टी पाहाव्यात, असं त्या निकालात आलं. परिस्थितिजन्य पुराव्याची 'पंचशील' म्हणून ओळखली जाणारी पाच तत्त्वंही त्यातलीच. चार वर्षांनी, भूपिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की आरोपीकडे विष होतं याचा थेट पुरावा नाही, एवढ्याच कारणाने निर्दोष सोडायचं नाही.

म्हणजे विष सापडूनही आरोपी सुटू शकतो आणि न सापडताही दोषी ठरू शकतो. फरक साखळीत असतो.

आपल्या भागात याचं काय?

फोंड्यापासून खाली कणकवली, मालवणपर्यंत कितीतरी घरांत म्हातारी माणसं एकटी आहेत, मुलं मुंबईत. पासबुक, एटीएम कार्ड, औषधं, सगळं शेजारच्या किंवा ओळखीच्या माणसाच्या भरवशावर. बहुतेक माणसं तो भरवसा राखतात. पण मृत्यू अचानक आणि संशयास्पद वाटला, तर वेळ फार कमी असतो, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दहन होतं. सेडन प्रकरणासारखा मृतदेह दोन महिन्यांनी उकरून काढायची सोय नाही. शवविच्छेदनात राखून ठेवलेला व्हिसेरा हाच शेवटचा नमुना.

त्यामुळे शंका असेल तर ती अंत्यसंस्काराआधी पोलिसांना सांगावी लागते. अशा मृत्यूची चौकशी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते, पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. पंचनामा, शवविच्छेदन आणि व्हिसेरा राखून ठेवणं त्यातूनच येतं. मृत व्यक्ती कोणती औषधं घेत होती, शेवटचं काय खाल्लं, सोबत कोण होतं, हे सांगितलं तर प्रयोगशाळेला कोणतं विष शोधायचं, हेही कळतं.